दुर्गद बैल : बाहेरच्या पेठेचे शहर कसे झाले

आपल्याकडे नगरांचा इतिहास लिहिण्याची जी रीत पडून गेली आहे तिच्यात किल्ला आधी येतो आणि बाजार मागून येतो. राजाने तट बांधला, दरवाजे उभारले, नौबत झडली, आणि मग त्या तटाच्या आसऱ्याने वाणी-उदमी हळूहळू गोळा झाले, असा तो क्रम असतो. पुष्कळ ठिकाणी तो खराही आहे. परंतु मलप्रभा आणि वरदा या दोन नद्यांच्या मध्ये, जिथे सह्याद्रीची झाडी संपून काळ्या मातीचे अफाट मैदान सुरू होते त्या सीमेवर, एक शहर असे आहे की ज्याचा आजचा गाभा एका सावकाराने जुन्या गावाच्या बाहेर वसवलेल्या पेठेतून निर्माण झाला. आणि ज्या गावाच्या पदरी ती पेठ आश्रित म्हणून जन्मली ते मूळ गावच कालांतराने तिचे उपनगर होऊन बसले. हे शहर म्हणजे हुबळी, आणि त्या पेठेचे हृदय म्हणजे दुर्गद बैल. दुर्गापुढचे मोकळे मैदान एवढाच या कानडी नावाचा अर्थ. पण गेल्या साडेतीन शतकांत विजापूर, दिल्ली, सावनूर, पुणे, श्रीरंगपट्टण, सांगली आणि मुंबई या सर्व सत्ताकेंद्रांची दृष्टी या ना त्या निमित्ताने या परिसराकडे लागून राहिलेली होती. मराठी वाचकाला तर या जागेचे विशेष अगत्य असावयास हवे, कारण तिच्या जडणघडणीत मराठी माणसाचा हात आहे, आणि तिच्यावर झालेल्या आघातांतही तो आहे.

जुनी हुबळी, म्हणजेच रायर हुबळी, ही या कथेची माता. एलेय पुरवद हळ्ळी किंवा पुरबळ्ळी या नावानेही ती ओळखली जाई. तिथले भवानीशंकराचे देवालय आणि जैन बस्ती ही तिच्या प्राचीनत्वाची साक्ष आजही देतात. विजयनगरच्या रायांच्या अमलात हे गाव कापूस, सोरा आणि लोखंड यांच्या व्यापाराने नावारूपास आले. त्याचे भौगोलिक स्थानच असे की व्यापार त्याला शोधत यावा: पूर्वेस कापसाची काळी जमीन, पश्चिमेस अरण्य, आणि अरण्य ओलांडून घाट उतरले की कारवारचे बंदर. १६३८ साली इंग्रजांनी कारवारास वखार घातली ती मिरीसाठी जशी होती तशीच तलम कापडासाठीही होती, आणि ते कापड विणले जाई हुबळी व तिच्या आसपासच्या गावांतून. या कामावर कारवारच्या वखारीने भरभराटीच्या दिवसांत पन्नास हजार विणकर राबवले होते अशी नोंद जुन्या इंग्रजी कागदांच्या आधारे गॅझेटियरकारांनी केली आहे. कापसापासून ठाणापर्यंत आणि ठाणापासून गलबतापर्यंत पोहोचणाऱ्या या साखळीची मधली कडी हुबळी होती. म्हणूनच इंग्रजांनी पुढे प्रत्यक्ष हुबळीतच आपले ठाणे मांडले.

संपत्ती जिथे साठते तिथे तलवार येतेच. १६७३ साली, विजापूरची आदिलशाही खिळखिळी झालेली असताना, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने अण्णाजी दत्तो यांनी हुबळीवर स्वारी केली आणि बाजार लुटला. त्या लुटीत इंग्रजांच्या वखारीचे ७,८९४ होनांचे नुकसान झाले. मुजफ्फरखान हा विजापुरी सरदार मोठी फौज घेऊन येतो आहे हे कळताच मराठे माघारी वळले. या नुकसानीच्या भरपाईसाठी मुंबईकर इंग्रजांनी पुढे बरीच खटपट केली, आणि महाराजांच्या वकिलांनी आपल्या धन्याने इंग्रजांना उपद्रव देण्याचा हुकूम दिलाच नव्हता असे निक्षून सांगितले. आपल्या इतिहासात ही घटना पराक्रमाच्या सदरात नोंदली गेली आहे, आणि स्वराज्याच्या त्या अडचणीच्या काळात शत्रूच्या मुलखातून द्रव्य आणणे हा राजनीतीचा भाग होता हे खरेच. तथापि त्या दिवशी ज्यांची दुकाने फुटली, ज्यांचे माग मोडले, त्या कोष्ट्यांच्या आणि वाण्यांच्या बाजूनेही ही घटना एकदा पाहावयास हवी. कारण त्यांचा विजापूरच्या सुलतानाशी संबंध केवळ जकात भरण्यापुरता होता. शहराच्या इतिहासाचा धर्म हा की त्याने राजाच्या बखरीबरोबर रयतेची वहीही उघडावी.

लूट झाली तरी गाव मरत नाही, जोवर त्याला माल पुरवणारी जमीन आणि माल नेणारी वाट शिल्लक असते. १६८५ साली औरंगजेबाचा पुत्र शहाजादा मुअज्जम याने हुबळी घेतली, आणि नंतर ती सावनूरच्या पठाण नवाबांकडे आली. या नवाबांचे घराणे मूळ आदिलशाही चाकरीतले. मोगलांकडून त्यांना मोठी जहागीर मिळाली, आणि मोगल सत्ता दक्षिणेत निर्बल होताच ते जवळजवळ स्वतंत्र झाले. त्यांच्यापैकी मजीदखान नवाबाच्या नावावरून हुबळीला मजीदपूर नावाची नवी वस्ती जोडली गेली, आणि याच नवाबाच्या परवानगीने, १७२७ च्या सुमारास, बसप्पा शेट्टी नावाच्या धनवान लिंगायत व्यापाऱ्याने दुर्गापुढच्या मैदानाभोवती नवी हुबळी वसवली.

त्या काळात पेठ वसवणे म्हणजे काय होते हे आजच्या वाचकाने लक्षात घ्यावयास हवे, कारण त्यातच या शहराच्या स्वभावाचे बीज आहे. पेठ वसवणाराला आधी सरकारातून कौल घ्यावा लागे. त्या कौलात इतकी वर्षे पट्टी माफ, मग चढत्या हप्त्यांनी वसूल, अमुक जिनसांवर जकातीची सूट, वेठबिगार नाही, आणि येणाऱ्या उदम्यास मागील देण्याघेण्यावरून उपद्रव होणार नाही, अशी अभयाची कलमे असत. मग तो शेट्या आपल्या शब्दाच्या बळावर गावोगावचे वाणी, साळी, कोष्टी, कासार, सोनार, तांबोळी आणि पिंजारी बोलावून आणी, त्यांना जागा नेमून देई, विहिरी खणवी, आठवड्याच्या बाजाराचा वार ठरवी आणि वादाचा निवाडा शेटे-महाजनांच्या गोतात करी. नवाबाची मोहर कागदावर असली तरी उदम्याचा विश्वास शेट्याच्या शब्दावर असे. नवाब दूर आणि शेट्या जवळ. दुर्गद बैलाभोवती उभे राहिलेले हे नगर अशा रीतीने विश्वासाच्या पायावर उभे राहिले, आणि त्याचे वैशिष्ट्य हे की त्याचा संस्थापक कोणी राजा, सरदार किंवा संत नसून एक सावकार होता. लवकरच एका गावाच्या दोन हुबळ्या झाल्या: जुनी, जिच्यापाशी देव होते आणि परंपरा होती, आणि नवी, जिच्यापाशी बाजार होता.

नव्या पेठेची पहिली पिढी स्थिरस्थावर होते न होते तोच मराठ्यांचे पाऊल या मुलखात घट्ट पडू लागले. १७५६ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी सावनूरला वेढा घातला. मुरारराव घोरपडे आणि पेशव्यांच्या चाकरीतून फुटून गेलेला मुजफ्फरखान गारदी या दोघांना नवाबाने आश्रय दिला, हे त्या वेढ्याचे निमित्त. निजाम सलाबतजंगाचे लष्कर आणि फ्रेंच सेनानी बुसी याचा तोफखाना पेशव्यांच्या मदतीस होता. त्या तोफांपुढे सावनूर नमले, आणि या १७५५-५६ च्या घडामोडींत हुबळी नवाबाच्या हातून मराठ्यांच्या ताब्यात आली. पण पानिपतानंतर म्हैसूरच्या हैदरअलीने डोके वर काढले आणि तुंगभद्रेच्या उत्तरेचा हा सारा प्रदेश पुढची तीस वर्षे पटावरच्या सोंगट्यांसारखा या हातून त्या हाती जात राहिला. माधवराव पेशव्यांनी हैदरावर स्वाऱ्या करून तो परत मिळवला. त्यांच्या अकाली मृत्यूनंतर आणि नारायणरावांच्या वधानंतर पुण्यात जी दुफळी माजली तिचा लाभ घेऊन हैदराने तो पुन्हा बळकावला.

या झुंजीत मराठ्यांच्या बाजूने कर्नाटकाच्या आघाडीवर सतत उभे राहिले ते पटवर्धन. कोकणातल्या कोतवड्याच्या हरभट पटवर्धनांच्या या वंशजांना पेशव्यांनी मिरजेचा सरंजाम दिला तो याच हेतूने की दक्षिणेचे दार त्यांनी राखावे. त्या राखणीची किंमत त्यांनी रक्ताने मोजली. १७७७ च्या जानेवारीत, हुबळीच्या दक्षिणेस, कुंदगोळच्या बाजूस असलेल्या सावशी गावाजवळ हैदराच्या फौजेशी जी लढाई झाली तिच्यात कोन्हेरराव पटवर्धन ठार झाले आणि पांडुरंगराव पटवर्धन जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले. पांडुरंगरावांना श्रीरंगपट्टणास नेण्यात आले, आणि त्या कैदेतच त्यांचा अंत झाला. मिरजेत त्यांची मुले लहान होती. त्यांच्यापैकी धाकटे चिंतामणराव हे पुढे, थोरल्या बंधूंच्या मृत्यूनंतर, बालवयातच सरंजामाचे धनी झाले. ज्या मुलखात वडील शत्रूच्या हाती पडले त्याच मुलखातली नवी हुबळी पुढे या मुलाच्या वाट्यास यावयाची होती.

मराठे या प्रांतात पुन्हा स्थिर झाले ते १७९० नंतर. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज असा त्रिवर्ग एकत्र झाला, तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धनांनी कॅप्टन लिटलच्या इंग्रजी पलटणीसह धारवाडला वेढा दिला. टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमानखान याने सहा महिन्यांहून अधिक काळ किल्ला शर्थीने लढवला. १७९१ च्या एप्रिलात तो पडला. दरम्यान हुबळी मराठ्यांकडे आलेली होती, आणि १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने तुंगभद्रेपर्यंतचा हा प्रदेश कायदेशीररीत्याही मराठ्यांच्या पदरात पडला. लागोपाठच्या स्वाऱ्यांत ज्यांचे उभे पीक घोड्यांनी खाल्ले त्या कुणब्यांना, आणि ज्यांनी प्रत्येक नव्या धन्याला नव्याने खंडणी भरली त्या पेठकऱ्यांना, आता काही वर्षे तरी एकच धनी राहील अशी आशा वाटली असेल.

परंतु हुबळीच्या नशिबी एक धनी नव्हता. जुनी हुबळी पेशव्यांच्या वतीने फडक्यांच्या कारभारात राहिली, आणि नवी हुबळी पटवर्धनांकडे गेली. मिरजेच्या घरात चिंतामणराव आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांचे पटेनासे होऊन दौलतीची वाटणी झाली, चिंतामणरावांनी सांगलीस स्वतंत्र राजधानी केली, तेव्हा नवी हुबळी सांगलीकरांच्या हिश्शात आली. हाकेच्या अंतरावर असलेल्या या दोन वस्त्यांतून दोन निराळे अंमलदार, दोन जकाती आणि दोन दफ्तरे नांदू लागली. वर पेशव्यांचा दरबार आणि पटवर्धन यांचे संबंध दुसऱ्या बाजीरावाच्या काळात जसजसे कडू होत गेले तसतसे खालच्या या दोन कारभारांनाही एकमेकांकडे विश्वासाने पाहणे कठीण झाले असेल, हे तर्काने सहज समजते. १८०० साली धोंडजी वाघ या पुंडाने या प्रांतात जो धुमाकूळ घातला, त्यात कित्तूरच्या बाजूच्या झाडीत मराठा सरदार धोंडोपंत गोखले मारले गेले आणि चिंतामणराव स्वतः जखमी झाले. आर्थर वेलस्लीने त्याचा पाठलाग करून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात धोंडजीला गाठून ठार केले. पण त्या धामधुमीनंतर इंग्रजांना या प्रांतातले रस्ते, किल्ले आणि माणसे यांची जी माहिती झाली ती पुढे त्यांच्या कामास आली.

मधे खंड पडत गेलेल्या या साठ-पासष्ट वर्षांच्या मराठी अमलाने दुर्गद बैलाला काय दिले? एक तर कारभाराची भाषा दिली. कमाविसदार, फडणीस, मजमुदार, पोतनीस यांच्यासह मोडी लिपी आली. जमाखर्चाच्या वह्या मराठीत लिहिल्या जाऊ लागल्या. घरात आणि बाजारात कानडी, कचेरीत मराठी, अशी दुहेरी राहणी पेठकऱ्यांच्या अंगवळणी पडली. ती इतकी मुरली की पेशवाई गेल्यावरही इंग्रजांच्या धारवाड जिल्ह्यात कचेरीची आणि सरकारी शाळेची भाषा बराच काळ मराठीच होती. दुसरे म्हणजे माणसे दिली. शिलेदार आणि बारगीर म्हणून आलेले मराठे, कारकून म्हणून आलेले ब्राह्मण, आणि त्यांच्यामागून आलेले कारागीर इथेच राहिले, इथल्या मातीचे झाले. दुर्गद बैलाजवळची मराठा गल्ली आजही त्या वसाहतीची खूण आपल्या नावात बाळगून आहे.

१८१७ च्या जूनमध्ये पुण्याच्या तहाने बाजीरावाने धारवाड इंग्रजांच्या स्वाधीन केले, आणि त्याच वर्षाअखेर युद्ध पेटताच टॉमस मन्रोने हाताशी असलेल्या तुटपुंज्या पलटणीला स्थानिक लोकांतून भरती केलेल्या शिबंदीची जोड देऊन हा प्रांत जवळजवळ एकहाती काबीज केला. पेशव्यांकडची जुनी हुबळी त्यात गेली. मन्रोने तलवारीहून अधिक कौलाचा उपयोग केला. देसाई, पाटील आणि सावकार यांना त्याने अभय दिले, वसुलाची हमी घेतली, आणि एकेका परगण्याची रयतच त्याच्या बाजूची झाली. बसप्पा शेट्टीने ज्या साधनाने पेठ उभी केली होती त्याच साधनाने, म्हणजे माणसांना दिलेल्या शब्दाने, इंग्रजांनी तिच्या सभोवतीचा मुलूख घेतला. आणि बाजीरावाने तो गमावला तो हाच शब्द गमावल्यामुळे.

नव्या हुबळीचा शेवटचा मराठी अध्याय मात्र रणांगणावर लिहिला गेला नाही. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिणेतल्या जहागीरदारांशी स्वतंत्र करार केले आणि पेशव्यांच्या चाकरीत ते जे घोडदळ ठेवीत त्याचा काही भाग कंपनी सरकारच्या चाकरीस ठेवावा अशी अट घातली. चिंतामणराव आप्पासाहेबांना ही अट मानवली नाही. ज्या धन्याची चाकरी आजवर केली त्याच्या जागी नव्या परक्या धन्याच्या दारात फौज उभी करण्यापेक्षा मुलूख तोडून द्यावा, पण चाकरी करू नये, असा निर्णय त्यांनी घेतला. आणि १८२० साली नवी हुबळी आणि तिच्याबरोबरची सत्तेचाळीस गावे सांगलीकरांनी इंग्रजांना दिली. या निर्णयात अभिमान होता हे निःसंशय, आणि त्या काळच्या अनेक जहागीरदारांच्या लाचारीशी ताडून पाहता तो अभिमान स्पृहणीयही होता. परंतु इतिहासाच्या तराजूत त्याचे दुसरे पारडेही आहे: आपली मानखंडना टाळण्यासाठी सांगलीच्या दौलतीने जी वस्तू मोबदल्यात दिली ती तिच्या कर्नाटकातल्या मुलखातली सर्वांत होतकरू पेठ होती. शिरहट्टी, तेरदाळ, आणि बेळगावच्या वेशीवरचे शहापूर ही गावे सांगलीकडे १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राहिली. हुबळी मात्र सव्वाशे वर्षे आधीच गेली. त्या दिवसापासून दोन्ही हुबळ्या पुन्हा एका धन्याखाली आल्या, आणि दोहोंच्या मधली राज्यकारभाराची भिंत पडली.

भिंत पडल्यावर कोण वाढणार आणि कोण मागे राहणार हे बाजाराने ठरवले. १८४० नंतरच्या काळात हुबळीच्या आसमंतात, कुसुगलसारख्या गावांतून, अमेरिकन कापसाच्या लागवडीचे प्रयोग झाले, आणि त्या बियाण्यातून धारवाड-अमेरिकन या नावाने ओळखला जाणारा लांब धाग्याचा कापूस रुजला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा या कापसाला सोन्याचे मोल आले. आणि त्या सुगीचा लाभ नव्या हुबळीच्या आडत्यांना झाला, कारण वखारी, सावकारी पेढ्या आणि हुंड्यांचा व्यवहार हे सारे दुर्गद बैलाच्या भोवती होते. १८५५ साली हुबळीस नगरपालिका स्थापन झालेली होती. मग १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. १८८१ च्या शिरगणतीत हुबळीची लोकसंख्या ३६,६७७ भरली, ती आधीच्या गणतीहून कमी होती. वाढत्या शहराची लोकसंख्या एका दशकात घटावी, यावरून त्या दुष्काळाने खेड्यापाड्यांत काय केले असेल त्याचा अंदाज बांधता येतो.

या खचलेल्या शहराला उभे केले ते आगगाडीने. सदर्न मराठा रेल्वे या कंपनीची स्थापना १८८२ सालची. कापसाचा मुलूख मार्मागोव्याच्या बंदराशी जोडणे आणि दुष्काळात धान्य पोहोचवणे हे तिचे दोन्ही हेतू. त्या दशकातच हुबळीस स्थानक झाले, रेल्वेचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि १८८८ साली कॅसल रॉकचा घाट उतरून गाडी समुद्रापर्यंत पोहोचली. दोन शतकांपूर्वी ज्या वाटेने बैलांचे तांडे कापडाचे तागे घेऊन कारवारला जात त्या वाटेचे काम आता लोखंडी रुळांकडे आले. कारखान्यात तमिळ, तेलुगू, मराठी, कोकणी आणि अँग्लो-इंडियन कामगार आले. १९०१ च्या गणतीत हुबळीची लोकसंख्या ६०,२१४ झाली. जिल्ह्याचे ठाणे, न्यायालये आणि विद्यालये धारवाडला होती, पण पैसा हुबळीत होता; आणि हुबळीत म्हटले म्हणजे नव्या हुबळीत. जुनी हुबळी, जिच्या नावाने या शहराचे नाव झाले, ती शहराच्या एका कडेचा मोहल्ला ठरली. ज्या वस्तीने पेठेला जन्म दिला तिला पेठेनेच आपल्या कुशीत घेतले.

या पेठेत कोण राहिले हे पाहिल्याखेरीज तिची कथा पुरी होत नाही. मूरुसाविर मठाच्या छायेत वाढलेला लिंगायत व्यापारी वर्ग हा तिचा कणा. त्यांच्या शेजारी दाजीबान पेठेत आणि कमरीपेठेत पटवेगार, म्हणजेच सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय, रेशमाच्या कामावर पोसलेले, तुळजाभवानीला कुलस्वामिनी मानणारे, घरात आपली स्वतःची मराठी-गुजराती वळणाची बोली बोलणारे. सावनूरच्या काळापासूनचे मुसलमान कारागीर आणि व्यापारी, कासार, सोनार, तांबट, जैन, नंतर आलेले मारवाडी आणि गुजराती कापूसवाले, गोव्याकडून आलेले सारस्वत. देवळे, मशिदी, मठ आणि बस्त्या एकमेकांच्या हाकेवर. जुन्या हुबळीला सिद्धारूढ स्वामींनी वास्तव्य केले आणि १९२९ साली ते समाधिस्थ झाले; त्यांच्या मठाकडे कानडी भक्तांइतकीच मराठी भक्तांचीही रीघ लागली, आणि त्या मठाने जुन्या हुबळीला व्यापाराने हिरावलेले महत्त्व अध्यात्माच्या मार्गाने परत दिले. होळीनंतर पाचव्या दिवशी या पेठांतून जी रंगपंचमी खेळली जाते ती पाहणाऱ्याला आपण महाराष्ट्रात आहोत की कर्नाटकात, असा प्रश्न पडू नये. कारण त्या दिवशी तो प्रश्न तिथे कोणालाच पडत नाही.

संगीताच्या क्षेत्रात तर या पेठेच्या परिसराने मराठी रसिकांना कायमचे ऋणी करून ठेवले आहे. हुबळीजवळचे कुंदगोळ हे जमखंडीच्या पटवर्धनांचे गाव. तिथले रामभाऊ कुंदगोळकर अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य झाले आणि मराठी रंगभूमीवर सवाई गंधर्व म्हणून गाजले. हुबळीत राहणाऱ्या गंगूबाई हनगल त्यांच्याकडे शिकण्यासाठी आगगाडीने कुंदगोळला जात, आणि गदगचा भीमसेन जोशी नावाचा मुलगाही त्याच गुरुगृही राहिला. या तिघांचीही मातृभाषा कानडी, आणि तिघांच्याही कीर्तीचा फार मोठा भाग मराठी श्रोत्यांनी वाढवलेला. सरंजामांनी आखलेल्या सीमा १९४८ नंतर पुसल्या गेल्या; त्या सीमांच्या आत गुरु-शिष्यांनी जे बांधले ते पुसले गेले नाही.

विसाव्या शतकात या शहराने आपली ओळख स्वतः ठरवली. कानडी भाषेच्या पुनरुत्थानाचे काम डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच सुरू केले होते. मराठी शाळांत शिकणारी कानडी मुले आपल्या भाषेत शिकावीत हा त्यांचा आग्रह सर्वथा न्याय्य होता. १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला, आणि त्याच्याबरोबर कर्नाटकाच्या एकीकरणाची कल्पना रुजली. १९४२ च्या चळवळीत हुबळीच्या रस्त्यावर नारायण डोणी नावाचा कोवळा मुलगा पोलिसांच्या गोळीला बळी पडला. १९५३ साली अदरगुंची शंकरगौडा पाटील यांनी हुबळीजवळच्या आपल्या गावी एकीकरणासाठी उपोषण केले आणि हुबळीत हजारो लोक रस्त्यावर उतरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून निघून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि १९६२ साली हुबळी व धारवाड मिळून एक महानगरपालिका झाली. या सर्व घडामोडींत मराठी माणसाने वैषम्य मानण्यासारखे काहीही नाही. ज्या भूमीची भाषा कानडी तिचा कारभार कानडीत व्हावा, हाच न्याय आपण स्वतःसाठीही मागितला आहे.

आज दुर्गद बैलावर दुर्ग दिसत नाही. कापडाची, बांगड्यांची, भांड्यांची दुकाने आहेत, भाजीवाले आहेत, आणि संध्याकाळ झाली की गिरमिट आणि मिरची भज्यांच्या गाड्यांभोवती शहर जमा होते. रेल्वेचे नैर्ऋत्य विभागीय मुख्यालय हुबळीत आहे, सिद्धारूढ स्वामींचे नाव धारण करणाऱ्या स्थानकाचा फलाट दीड किलोमीटरहून अधिक लांब आहे, आणि शहर चहूकडे पसरत चालले आहे. तट पडले, मैदान राहिले, याचे कारण उघड आहे. तटाची गरज एका धन्याला होती आणि तो धनी गेला. मैदानाची गरज सर्वांना होती आणि ते सर्व अजून आहेत. शेट्याचा शब्द, नवाबाचा कौल, पटवर्धनांचे दफ्तर, इंग्रजांची आगगाडी आणि कानडी लोकांचे आंदोलन यांपैकी कोणी एकाने हे शहर घडवले असा दावा कोणी करील तर तो खोटा ठरेल. परंतु ज्या बाजाराने या सर्वांना आपल्याकडे यावयास लावले त्याचा मान सर्वांत वडील आहे, हा या इतिहासाचा निर्णय होय.

शेवटी मराठी अभ्यासकांना एक विनंती. वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढून पटवर्धनी दफ्तर प्रकाशात आणले नसते, तर सावशीची लढाई आणि पांडुरंगरावांची कैद आज कोणाच्या स्मरणातही नसती. तरीही कर्नाटकाच्या स्वाऱ्या आपण लढायांच्या अंगानेच वाचल्या. त्या कागदांतली पेठ, तिची जकात, तिचे शेटे आणि तिचे विणकर यांच्याकडे फारसे पाहिले नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे मोडी कागद अद्याप बांधलेलेच पडून आहेत. ज्याला मोडी वाचता येते त्याने कानडी शिकावी, आणि हुबळी-धारवाडच्या ज्या कानडी तरुणाला इतिहासाची ओढ आहे त्याने मोडी शिकावी. मग दोघांनी मिळून दुर्गद बैलाचा विस्तृत इतिहास दोन्ही भाषांत लिहावा. तो एकट्या महाराष्ट्राचा नाही आणि एकट्या कर्नाटकाचाही नाही, आणि तो लिहिण्याची जबाबदारी दोघांचीही आहे.